नव्या नवरीचं जांभळं लुगडं

१

प्रयोग चार दिवसांवर आला होता, आणि शमिका भाटकर चोर ठरली.

शाळेच्या हॉलमध्ये सकाळची तालीम चालू होती. ओमकारचं वाक्य अर्ध्यावर असताना यज्ञेशचा फोन वाजला. यज्ञेश आमचा दिग्दर्शक. तालमीत फोन घेणाऱ्याला तो हॉलबाहेर काढतो, पण त्या दिवशी नाव बघून तो स्वतःच बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा असा होता, की मी रंगीत दिवे घालवून हॉलच्या ट्यूबा लावल्या.

"स्पर्धेच्या संयोजकांचा फोन होता," तो म्हणाला. "आपलं नाटक चोरीचं आहे, अशी तक्रार आलीय."

तक्रारीवर नाव नव्हतं. पाकिटात एका जुन्या दिवाळी अंकातल्या कथेची झेरॉक्स होती. अंक कधी काळी रत्नागिरीतूनच निघायचा आणि कधीच बंद पडला. कथा पन्नास वर्षांपूर्वीची, नाव 'खूण', लेखकाच्या जागी 'सागरसुत' असं टोपणनाव. संयोजकांनी तिचे फोटो यज्ञेशला पाठवले होते. आम्ही सगळे त्याच्या फोनभोवती जमलो आणि वाचू लागलो.

आमचं नाटक 'शिडाचं ठिगळ'. गलबतावर जाणाऱ्या नवऱ्याचं शीड फाटलेलं असतं, म्हणून बायको लग्नातलं लुगडं फाडून त्याला ठिगळ लावते. कथेतही तेच. नाटकात ती म्हणते, "तुकडा त्याच्या शिडाला गेला, भोक माझ्यापाशी राहिलं. हे भोक मी कधी शिवणार नाही. मी म्हातारी झाले, तोंड बदललं, तरी या भोकावरून तो मला ओळखील." कथेत हेच, शब्दाला शब्द. फक्त 'माझ्यापाशी'च्या जागी 'तिच्यापाशी'.

"मी ही कथा आयुष्यात बघितलेली नाही," शमिका म्हणाली.

शमिका मूळची पूर्णगडची, रत्नागिरीत शाळेवर शिकवते. हे तिचं पहिलं नाटक, आणि त्यातली ती बायकोही तीच करत होती. ती खोटं बोलत नव्हती. पण फोनमधली पानंही समोर होती.

"परवा सकाळपर्यंत लेखी खुलासा द्यायचा," यज्ञेश म्हणाला. "नाहीतर नाटक बाद."

"आणि शाळेत काय सांगू?" शमिकानं विचारलं. 

मी विनीत सुर्वे. मारुती मंदिरापाशी माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे, आणि आमच्या नाट्यसंस्थेच्या नाटकांची प्रकाशयोजना मी करतो. मला कथा-कवितांतलं फारसं कळत नाही. पण ज्यांना कळतं अशा एक बाई मला माहीत होत्या. मी शमिकाला स्कूटरवर बसवलं आणि खालच्या आळीत नेलं.

२

भार्गवी मुळ्ये कॉलेजात आम्हाला मराठी शिकवायच्या. निवृत्त झाल्यापासून गावातल्या बऱ्याच भानगडी त्यांच्या पडवीत सुटल्या आहेत. एकदा एका मृत्युपत्रातलं एकच क्रियापद धरून त्यांनी दोन भावांचा खटला कोर्टाबाहेर मिटवला होता.

त्यांनी शमिकाला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि फोनमधली कथा मोठ्यानं वाचायला घेतली.

"बाई, मनात वाचलंत तर लवकर होईल," मी म्हणालो.

"लवकर होईल, पण नीट होणार नाही. डोळे पुढं पळतात. जीभ अडखळते, आणि मला अडखळायचंच आहे."

एक पान झालं, दोन झाली. मग मध्येच थांबून त्यांनी शमिकाकडे पाहिलं.

"साम्य आहे, भरपूर आहे. पण साम्य म्हणजे चोरी नव्हे, पोरी. साम्य म्हणजे नातं. कुठलंच लेखन अनाथ नसतं. प्रत्येकाला आईबाप, मामा, चुलते असतात. आपल्याला एवढंच शोधायचं की हे नातं कुठलं. ही कथा तुझ्या नाटकाची आई आहे, की लेक आहे, की दोघी बहिणी आहेत, तिसऱ्याच कुणाच्या पोटच्या?"

"तिसरं आहे," शमिका म्हणाली. "आजीची ओवी. तिच्यावरूनच मी लिहिलं. संहितेच्या पहिल्या पानावर तसं लिहिलंयही."

"मग बहिणी असू शकतात. सागरसुतानंही पन्नास वर्षांपूर्वी कुण्या म्हातारीची तीच ओवी ऐकली असेल. म्हण बघू."

शमिकानं खालच्या आवाजात म्हटली :

*हिरव्या लुगड्याचं ठिगळ शिडाला,*
*दुरून वळखीन माझ्या धन्याला.*

"छान," बाई म्हणाल्या आणि पुन्हा कथेकडे वळल्या. "'नव्या नवरीचं जांभळं लुगडं तिनं फाडलं...'" त्या अडखळल्या. मागं जाऊन पुन्हा वाचलं. "जांभळं? नव्या नवरीचं?"

मी एकदम पुढं सरकलो.

"काय झालं रे?"

"बाई," मी म्हणालो, "तो जांभळा रंग माझा आहे."

३

झालं होतं असं. निरोपाचा प्रसंग सूर्यास्ताचा. मी तांबडा प्रकाश दिला होता, आणि तांबड्या प्रकाशात हिरवं कापड काळं दिसतं. शमिका हिरवं लुगडं नेसून उभी राहिली, की नवी नवरी दिसायच्या ऐवजी नवरा गेलेली दिसायची. मी यज्ञेशला सांगितलं, यज्ञेशनं पेटीतून जांभळं लुगडं काढलं. तांबड्यात ते झकास उजळलं. मग वाक्यातलाही 'हिरवं' शब्द बदलून 'जांभळं' केला, आणि ओवीतलाही. शमिका चिडली होती. नवी नवरी जांभळं नेसत नाही, म्हणाली. यज्ञेश म्हणाला, प्रेक्षकांना कोण सांगतंय?

"हे कधीचं?" बाईंनी विचारलं.

"दिवाळीच्या सुट्टीनंतरचं. फार दिवस नाही झाले."

"आणि स्पर्धेला पाठवलेली संहिता?"

"ती पावसाळ्यातच गेली," शमिका म्हणाली. "तिच्यात हिरवंच आहे."

भार्गवीबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांना आनंद झाला की त्या बसू शकत नाहीत, हे आम्ही वर्गात पाहिलेलं होतं.

"म्हणजे बघा. शमिकानं या कथेवरून चोरलं असतं, तर तिच्या पहिल्या संहितेत जांभळं आलं असतं. आलं नाही. जांभळं नाटकात आलं ते विनीतच्या दिव्यामुळं, या महिन्यात. आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या सागरसुताला विनीतच्या दिव्याची अडचण आधीच कळली होती!" त्या हसल्या. "शहाणपणाची गोष्ट माणसाला कुठूनही सुचते. दोघांना वेगवेगळी सुचू शकते. चूक मात्र एकाच दारातून येते. दोन लेखनांत एकच चूक सापडली, की नातं पक्कं. ही कथा तुझ्या नाटकाची लेक आहे, शमिका, आणि महिन्याभराचीसुद्धा नाही."

शमिकानं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. 

"मग खुलासा लिहूया," मी म्हणालो.

"थांब. संयोजक म्हणतील, दोघांनी एकाच ओवीवरून घेतलं असेल, रंग योगायोगानं जुळला असेल. तो दरवाजा आधी बंद करायला हवा. आजी कुठं असते?"

आम्ही दुपारी पूर्णगडला पोचलो. हौसाआजी अंगणात वाळत घातलेल्या भाताशेजारी काठी घेऊन बसली होती. कोंबड्यांना हाकलत तिनं ओवी म्हटली. पहिली तीच होती, मग पुढच्या दोन-तीन. शीड, वारा, बंदर सगळं होतं.

"आजी, लुगडं जांभळं असं कधी म्हणतेस?" बाईंनी विचारलं.

"जांभळं? नवी नवरी ती. ती जांभळं कशाला नेसंल? हिरवंच."

"आणि ठिगळासाठी फाडलं तेव्हा लुगड्याला भोक पडलं, त्याचं पुढं काय होतं?"

आजीची काठी थांबली. "भोक? कुठला भोक? तो काय गाण्यात नाय. शिवलंन् असंल तिनं." मग तिनं नातीकडे बघितलं. "तुला गो कोणी सांगितलंन् हे भोकाचं?"

"कोणी नाही, आजी. मीच घातलं."

"होय?" म्हातारीनं काठीनं एक कोंबडी हाकलली. "बरा घातलंस."

परतताना वाटेत बाई म्हणाल्या, "बहिणींचा प्रश्न मिटला. ओवीत ठिगळ आहे, भोक नाही. भोक फक्त शमिकाचं, आणि ते कथेत आहे. जांभळं फक्त तालमीतलं, आणि तेही कथेत आहे. संहिता कुणी पळवली असती तर हिरवं आलं असतं. म्हणजे ज्यानं कथा रचली, त्यानं वाचलं नाही. तो दिवाळीनंतर तुमच्या तालमीत होता."

"तालमीला बाहेरचं कुणी येत नाही, बाई."

"तेच तर म्हणतेय."

४

दुसऱ्या दिवशी बाई हॉलवर आल्या. त्यांनी कुणाला जांभळ्याबद्दल सांगितलं नाही, आम्हालाही बजावलं होतं. प्रत्येकाला त्यांनी एकच विचारलं : कथा कशी वाटली?

आधी यज्ञेश. त्याचा नि शमिकाचा तालमीत रोज खटका उडायचा. लेखनात आपलंही नाव असावं असं त्याला वाटत होतं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

"अर्धे प्रसंग मी बसवताना घडवलेत, बाई. पण नाटक बुडावं म्हणून मी असले धंदे करीन? माझाच प्रयोग आहे."

"कथा कशी वाटली?"

"खरं सांगू? भारी आहे. तो जातो तेव्हा खांद्यावर नांगर घेऊन बंदराकडे निघतो, ते वाचलंत ना? जमीन सोडून दर्यावर निघालेला माणूस जमिनीचं ओझं खांद्यावर घेऊन जातो! काय प्रतिमा आहे! आपल्याला का नाही सुचलं, असं झालं मला."

"हं," बाई म्हणाल्या.

मग ओमकार. तो नवरा करतो. मुंबईच्या एका मालिकेत त्याला काम मिळालं होतं, आणि त्या तारखा आमच्या प्रयोगाच्या आड येत होत्या. नाटक बाद झालं तर तो मोकळा होणार, हे हॉलमधल्या सगळ्यांच्या मनात आलं होतं.

"तारखा मी कालच सोडल्या," तो सरळ म्हणाला. "यज्ञेशदादाला सांगायचं राहिलं. फोन दाखवू?" त्यानं दाखवला. "कथेचं म्हणाल तर मला ती नांगराची भानगड कळली नाही. गलबतावर शेतीचा नांगर कशाला नेईल कोणी?"

शेवटी सानिका. ती संगीत बघते. हॉलच्या कोपऱ्यात हेडफोन लावून बसते, आणि फारशी बोलत नाही. त्या दिवशी मात्र बोलली.

"ओवीची चाल मी बांधली. जाहिरातीत 'पारंपरिक' छापलंय. मला राग आलाय, हो आलाय. पण शमिकाचं नाव घालवून माझं कसं येणार?"

"कथा?"

"मी नीट वाचलीसुद्धा नाही."

बाई हॉलभर फिरल्या. रंगमंचाच्या कडेला एक मोठी लोखंडी वस्तू पडली होती. ओमकारनं ती मिरकरवाड्याच्या जेटीवरून उसनी आणलेली. मासळीचा वास अजून गेला नव्हता, आणि एकदा तर ती माझ्या पायावर पडता पडता राहिली होती.

"विनीत, हे काय आहे?"

"नांगर. जहाजाचा."

"नाटकात वापरता?"

"निरोपाच्या प्रसंगात ओमकार म्हणतो, 'नांगर उचला. आता इथली माती आपली नव्हे.' आणि उचलून ओढत नेतो. आवाज सगळ्या हॉलभर होतो."

बाईंनी हातानं तो गंजलेला आकडा थोपटला.

"यज्ञेश," त्यांनी हाक मारली, "तुझी ती भारी प्रतिमा आहे ना, ती प्रतिमा नव्हे. ती चूक आहे. दुसरी."

५

आम्ही बाकांवर बसलो, आणि बाई उभ्या राहून वर्गात शिकवायच्या तशा बोलू लागल्या. आता त्यांनी जांभळ्या लुगड्याचंही सांगितलं.

"मराठीत नांगर दोन. एक जमिनीत चालतो, एक पाण्यात बुडतो. शब्द एकच, अर्थ कुठला, हे शेजारच्या गोष्टींवरून ठरतं. तुमच्या नाटकात तो ठरतो या लोखंडावरून. शब्दांत बघा : 'नांगर उचला. आता इथली माती आपली नव्हे.' नुसतं ऐकणाऱ्याला शेतच दिसणार. माती हा शब्दच मुळी त्याला शेतात नेतो. ओढल्याचा आवाजही त्याला लोखंडी फाळाचाच वाटणार. म्हणून कथाकारानं त्या माणसाच्या खांद्यावर शेतीचा नांगर दिला, आणि आपण सगळे त्यात खोल अर्थ शोधत बसलो."

"म्हणजे ज्यानं लिहिलं त्याला नांगर दिसलाच नव्हता," शमिका सावकाश म्हणाली.

"बरोबर. यज्ञेशनं तो रोज बघितलाय. ओमकारनं तो उचललाय. विनीतचा पाय त्याखाली जात होता. सानिकाही इथंच बसते. तू त्याच्या शेजारी उभी राहतेस. तुमच्यापैकी एकाकडूनही ही चूक होणं शक्य नाही. कथा मी पुन्हा वाचली. तुमच्या नाटकातलं जे ऐकू येतं, ते सगळं तिच्यात आहे. जे नुसतं दिसतं, त्यातलं काहीच नाही. शमिका मुक्यानं ठिगळ शिवते, तो अख्खा प्रसंग कथेत नाही. चोरानं तुमच्या तालमी ऐकल्या, दिवाळीनंतरच्या ऐकल्या, पण बघितल्या नाहीत." त्या सानिकाकडे वळल्या. "हेडफोन लावून तू काय करतेस गं?"

"तालीम रेकॉर्ड करते. कुठं संगीत सुरू करायचं, ते घरी बसून धरायला."

"ते कुणाला देतेस?"

"कुणालाच नाही." ती थांबली. तिचा हात तोंडावर गेला. "म्हणजे... आप्पांना पाठवते. पडून आहेत ना ते. म्हणाले, पोरी, तालमीचा आवाज तरी कानावर पडू दे."



आप्पा आठल्ये आमचे अध्यक्ष. संस्था त्यांनी काढली, आणि दर वर्षी नाटकही त्यांचंच असायचं. यंदा प्रथमच कार्यकारिणीनं त्यांचं बाजूला ठेवून शमिकाचं निवडलं. पहिल्या वाचनाला ते आले, पहिलाच प्रवेश संपल्यावर काम आहे सांगून उठून गेले. पुढं बागेत आंब्याच्या कलमाला लावलेल्या शिडीवरून पडले आणि पाय मोडून घेतला. तेव्हापासून ते नाचणे भागातल्या आपल्या घरातून बाहेर पडले नव्हते. संशय आमच्या सगळ्यांच्या मनात पहिल्याच दिवशी त्यांच्यावर गेला होता, आणि त्या मोडलेल्या पायामुळं लगेच मागंही फिरला होता.

"पण आप्पा जन्मभर रत्नागिरीत राहिलेत," यज्ञेश म्हणाला. "जहाजाचा नांगर त्यांना कळणार नाही?"

"राहिलेत इथं, वाढलेत देवरुखाकडे, भातशेतीत. होडीत बसलं की मळमळतं म्हणून ते कधी खाडीही ओलांडत नाहीत, हे मला त्यांनीच सांगितलंय. नांगर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं काय येणार?" बाईंनी पर्स उचलली. "पण हे मी बोलून काय उपयोग? चला."

६

आप्पा पलंगावर उशांना टेकून बसले होते. प्लास्टरमधला पाय पुढं. आम्हाला सगळ्यांना एकदम बघून त्यांनी चष्मा काढून पुसला.

भार्गवीबाईंनी आळ घेतला नाही. त्यांनी क्रमानं सगळं सांगितलं, लुगडं, दिवा, ओवी, नांगर, रेकॉर्डिंग. 

"एकच कळलं नाही, आप्पा," बाई शेवटी म्हणाल्या. "नव्या नवरीला जांभळं लुगडं, हे तुमच्यासारख्या जाणत्या माणसाला खटकलं कसं नाही?"

"खटकलं," आप्पा म्हणाले. आवाज कोरडा होता. "वाटलं, मुद्दाम केलंय पोरीनं. तिचं काही वेगळं असेल, म्हणून तसंच ठेवलं. तेवढंच तर नेमकं जुळायला हवं होतं."

सानिका रडायला लागली. यज्ञेश काहीतरी बोलणार होता, पण आप्पांनीच हात वर केला.

"अंक माझ्याकडे होता. त्याची जुनी पानं, त्यातल्या छपाईचं वळण. संगणकावर जुळवलं आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढवून आणली. अवघड नव्हतं. आता तुम्ही मला चोर म्हणा. पण भार्गवीबाई, तुम्ही मराठी शिकवलंत, तुम्हीच सांगा. मी उभा जन्म कोऱ्या कागदापुढं बसून लिहिलं. हिनं काय केलं? आजीची ओवी उचलली! ठिगळ आजीचं, शीड आजीचं. त्यात हिचं काय आहे?"

मला वाटलं, बाई चिडतील. त्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"हाच प्रश्न मी काल तिच्या आजीला विचारून आले, आप्पा. आजी म्हणाली, ओवीत भोक नाही. ठिगळ लावलं, बाई घरी गेली, लुगडं शिवलं असेल, गाणं संपलं. मागं राहिलेल्या भोकाकडे बघणारी ही पहिली. कुणाकडून घेतलं हे महत्त्वाचं असतंच, आणि ते तिनं पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय. पण घेतल्यावर काय केलं, ते लेखकाचं." त्यांनी बरोबर आणलेल्या कथेच्या प्रिंटवर बोट ठेवलं. "तुम्हाला अख्खी ओवी मोकळी होती. हजार बायकांनी म्हटलीय, तिच्यावर कुणाचा हक्क नाही. पण तुम्ही उचललंत काय? भोकाचं वाक्य. शब्दाला शब्द. तिचं काय आहे, ते तुमच्या कानांनी बरोबर ओळखलं, आप्पा. नेमकं तेच चोरलंत."

आप्पा त्या कागदाकडे बघत राहिले. 

शमिका आतापर्यंत दारातच उभी होती. ती पुढं आली.

"पोलिसात जायचं का, असं यज्ञेशदादानं विचारलं मला वाटेत. मला नाही जायचं. पण खुलासा मी देणार नाही, आप्पा. तो तुम्ही द्यायचा, आत्ता, स्वतःच्या नावानं. मी दिला, तर लोक म्हणतील, सुटली. तुम्ही दिलात, तर म्हणतील, तिचंच होतं."

तिचा आवाज जराही हलला नाही. 

आप्पांनी उशाशी पडलेला फोन घेतला. संयोजकांना लावला. "मी आठल्ये बोलतोय," ते म्हणाले, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, काही न गाळता.  शेवटी त्यांनी विचारलं, "मुलीचं नाटक होईल ना?" आणि उत्तर ऐकून मान हलवली.

अध्यक्षपदाचा राजीनामा त्यांनी त्याच संध्याकाळी पाठवला. कुणी परत घ्या म्हटलं नाही.

७

प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी दुपारभर शिडीवर होतो. हौसाआजी बघायला येणार होती, आणि नव्या नवरीला जांभळ्यात बघून ती नाटकातच बोलली असती, याची मला खात्री होती. लुगडं बदलणं सोपं म्हणून आम्ही लुगडं बदललं होतं. खरं तर दिवा बदलायला हवा होता. मी तांबडा काढला, फिका पिवळा लावला, एक बाजूनं निराळा टाकला. शमिका हिरवं नेसून उभी राहिली आणि यज्ञेश मागच्या रांगेतून ओरडला, "हे आधी का नाही केलंस रे?"

प्रयोग रंगला. ओमकारनं नांगर ओढला तेव्हा नाट्यगृहातली कुजबुज थांबली. भोकाच्या वाक्याला टाळी आली नाही; कुणी हललंच नाही. पुढं निकालात नाटकाला दुसरा क्रमांक मिळाला, लेखनाचं पारितोषिक शमिकाला. सानिकाचं नाव यज्ञेशनं रंगमंचावरून घेतलं आणि दोनदा घेतलं.

प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शमिका आजीला पूर्णगडच्या गाडीत बसवायला स्टँडवर आली. सामान उचलायला मी होतो. आजी खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि खाली उभ्या असलेल्या नातीला म्हणाली, "आता पुढचा नाटक कोणता?"

"लिहायला घेतलंय."

"त्यात माझा काय हाय काय?"

"असेल थोडं," शमिका हसली. "झालं की सांगीन तुला, कुठं कुठं आहे ते."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तशी म्हातारीनं खिडकीबाहेर डोकं काढलं.

"सांगू नको गो," ती म्हणाली. "वळखीन मी."